आप्पांना केलेला हात

आमच्या फाट्यावरून गाडी न्यायची म्हणजे माणसाला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. एक गाडी चालवायची आणि दुसरं मान राखायचा. पहिल्यात थोडं कमीजास्त झालं तर गाव सांभाळून घेतं. दुसऱ्यात घेत नाही.

शिरूरहून दौंडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, निमोण्याच्या अलीकडं, माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, रॉकेलचा स्टोव्ह आणि बाहेर लिंबाखाली दोन बाकडी. मी संपत. मालकही मीच आणि कपबश्या विसळणाराही मीच. बाकड्यांवर गावातली वडीलधारी मंडळी बसलेली असतात. चहा झाला की पेपर बघतात आणि पेपर संपला की रस्ता बघतात. कोण शिरूरला गेलं, मागं कोण बसलं होतं आणि येताना ते का नव्हतं, हे सगळं त्यांना माहीत असतं.

या मंडळींच्या समोरून जाणाऱ्यानं हात करायचा असतो. उजवा हात हँडलवरून काढायचा, कपाळापर्यंत न्यायचा, मान जराशी लववायची आणि समोरच्यानं बघेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. डावा हात करणं म्हणजे न करण्यापेक्षा वाईट. आता उजव्या हाताला गाडीची रेस असते आणि पुढचा ब्रेकही असतो. गाड्या बनवणाऱ्यांनी आमच्या गावाला विचारलं असतं, तर त्यांनी तो दुसरीकडं कुठंतरी बसवला असता. पण विचारतो कोण.

बाकीची वाहतूकही अशीच मानापानाची. दोन मोटरसायकलवाले समोरासमोर आले की रस्त्याच्या मधोमध थांबतात, गाड्या चालूच ठेवतात आणि सोयरिकीचं बोलून घेतात. मागून दोन ट्रेलर लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला तर तोही थांबतो, कारण त्यातलं एक त्याच्या ओळखीचं असतं. जीपवाल्यांची तऱ्हा तर विचारूच नका. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक सीट, म्हणजे पॅसेंजर, बसवलेलं असतं, त्यामुळं ड्रायव्हर निम्मा सीटवर आणि निम्मा गिअरवर. त्याला हात करायला जागाच नसते, म्हणून त्याला नुसत्या मानेवर माफ केलेलं आहे.

अशा रस्त्यावर बौद्धवस्तीतल्या कोंडिबाचा थोरला, धम्मदीप, हेल्मेट घालून जायला लागला.

हा पोरगा आयटीआय झालेला. कारेगावला, रांजणगावच्या एमआयडीसीत, एका कंपनीत मशीनवर ऑपरेटर होता. तिथं हेल्मेटशिवाय गेटातून आत घेत नव्हते. बाकीची पोरं काय करायची, हेल्मेट कोपरात अडकवून जायची आणि गेट दिसलं की डोक्यावर ठेवायची. हा घरापासून घालायचा. पट्टाही लावायचा. त्याच्या शिफ्टमधला एक जण नगर रोडवर अपघातात गेला होता, तेव्हापासून त्यानं हे धरलं होतं. त्याचं बाकीचं चालवणंही तसंच. गल्लीत वळताना इंडिकेटर लावायचा. त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे हे जन्मापासून माहीत असलेल्या गावाला तो दिवा लावून पुन्हा का सांगतो, हे कोणालाच कळत नव्हतं. मोठ्या रस्त्याला लागताना थांबून दोन्हीकडं बघायचा. बाकड्यावरचे बबनराव एकदा मला म्हणाले, "कुनाची वाट बघत असंल रं हा रोज?"

आणि हात करायचा नाही. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, पांढरं हेल्मेट सरळ निघून जायचं.

बाकड्यावर हे बसल्या बसल्या खुपायला लागलं. दुसरा कोणी असता तर एवढं खुपलं नसतं, हेही मी सांगून टाकतो, कारण माझ्या हॉटेलात ते कोणी बोलत नव्हतं. बाकड्यावरच्याच सोपानरावांचा नातू कानात वायरी घालून जायचा, त्यानं कधी मान वळवली नाही. तो लहान आहे, असं ठरलं होतं. तो धम्मदीपपेक्षा वर्षभरानं मोठा होता. पण कोंडिबाची गोष्ट वेगळी होती. कोंडिबा सोसायटीच्या गोडाऊनवर राखणदार होता आणि त्याच्या तरुणपणी बाकड्यासमोर आला की सायकलवरून उतरायचा, बाकडं मागं पडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचा आणि मग परत बसायचा. हे गावचे पुढारी हौसराव आप्पा फार प्रेमानं सांगायचे. "कोंडिबासारखा मानूस न्हाई," म्हणायचे. त्या माणसाचं पोरगं आता तोंड झाकून जात होतं.

त्यात आणखी एक घोळ झाला. कंपनीनं सगळ्यांना एकसारखी पांढरी हेल्मेटं दिली होती आणि त्याच्यासारख्या काळ्या गाड्या तर निम्म्या तालुक्याकडं. इकडून केंदूरपासून तिकडं दौंडपर्यंतची पोरं त्या एमआयडीसीत. पांढरं हेल्मेट कुठंही दिसलं की ते धम्मदीपचं धरलं जायचं. कोणीतरी भागुबाईच्या अंगावर चिखल उडवून गेला, तो धम्मदीप. कोणीतरी लग्नाच्या वरातीतून गाडी काढली, तोही धम्मदीप, आणि त्याच वेळी तो कंपनीत मशीनवर उभा होता. मी हे दोन-तीनदा बोलून बघितलं. बबनराव म्हणाले की तो नसंल, पण असता तर त्यानं तसंच केलं असतं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण दोन हजार पाच साली पंचायतीची निवडणूक लागली आणि सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं.

आप्पांच्या पॅनेलनं कोंडिबाच्या बायकोला, ताईबाईला, उभं केलं. समोरच्या पॅनेलनं तिच्याच भावकीतल्या धुरपदाला. ताईबाई बचत गटाची अध्यक्ष होती आणि बोलायला चोख होती. तिला सरपंच होण्याची हौस नव्हती. तिला वस्तीत नळ पाहिजे होता. पाइपलाइन आप्पांच्या मळ्यापर्यंत आली होती आणि तिथं का थांबली होती, याचं कारण दर पाच वर्षांनी वेगळं सांगितलं जायचं. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन रस्ता ओलांडून हापशावर यायच्या. तो रस्ता ओलांडणं काय असतं, हे मी माझ्या स्टोव्हपाशी उभा राहून रोज बघतो. ताईबाईला सगळ्यांनी एकच सांगितलं, निवडून आलीस तर नळ तुझ्या हातात.

वस्तीची मतं दोन्हीकडं वाटली जाणार होती. म्हणजे घोडं अडणार होतं ते वॉर्डातल्या मळ्यांवर, आणि मळ्यांची मतं बाकड्यावर ठरतात. बाकड्यावर बसून आप्पांनी अंदाज घेतला, तेव्हा ताईबाईबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार हेल्मेटची होती.

आप्पा स्वतः वस्तीत गेले. हे मला कोंडिबानं नंतर सांगितलं. अंगणात खुर्ची टाकली, चहा झाला, आप्पांनी सगळ्या वस्तीची विचारपूस केली आणि मग विषयावर आले.

"ताईबाई, बाकी समदं जुळलंय," ते म्हणाले. "पोराला तेवढं डोक्यावरचं काढाया सांग. कायमचं न्हाई, मतदान होईस्तवर. लोकांना तोंड दिसूंद्या, येक हात करूंद्या. त्याला काय पैसं पडत्यात?"

धम्मदीप घरातच होता. तो म्हणाला की डोकं उघडं ठेवून मत मिळत असेल तर अवघड आहे. आप्पा हसले. त्यांना पोराचा राग आला नव्हता. आप्पांचं हे एक चांगलं होतं, काम असलं की त्यांना राग येत नसे.

आप्पा गेल्यावर ताईबाईनं पोराला सांगितलं, पंधरा दिवस काढून ठेव. नळाचं बघ, म्हणाली. तुझी बायको उद्या येईल, तिलापण हंडा घेऊन रस्ता ओलांडायला लावायचं का, म्हणाली. धम्मदीप कोंडिबाकडं बघून म्हणाला, "आबा सायकलवरनं उतरायचे. मला नुसता हात करायचाय. म्हंजी सुधारणाच झाली म्हणायची." कोंडिबा मला हे सांगताना हसला, पण ते हसू काही मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा उघड्या डोक्यानं जायला लागला. हेल्मेट मागं दोरीनं बांधलेलं. शिरूर गाठलं की थांबून घालायचा आणि मग नगर रोडला लागायचा. म्हणजे शिरूरपर्यंत गावाचा मान आणि तिथून पुढं स्वतःचा जीव, अशी वाटणी केली होती त्यानं. बाकड्यासमोर आला की गाडी हळू करायचा आणि उजवा हात वर. पहिल्या दिवशी बबनराव उठून उभे राहिले. "दिसतोय की चांगला," म्हणाले. जणू गावात नवीन पाहुणा आला होता. सोपानराव म्हणाले, "बापाच्या वळणावर गेलाय." दोन दिवसांत पोरगं सुधारलं, असा निकाल लागला आणि मळ्यांतून होकार यायला लागले.

मला तेव्हाच ते पटत नव्हतं, पण माझ्या पटण्यावर फाट्याचं काही चालत नाही.

आता रस्त्याची गोष्ट. हॉटेलाच्या जरा पुढं, शिरूरच्या बाजूला, एका ठेकेदारानं खड्डे बुजवायला खडी आणून टाकली होती. खड्डे बुजवायचे राहिले आणि खडी रस्त्यावर पसरली. पावसात थोडी गेली, ट्रॅक्टरनं थोडी दाबली, उरलेली तशीच. गावानं तिचा रस्त्यात समावेश करून घेतला होता. त्या खडीला वळसा घालून जायचं, हे गुरांनासुद्धा समजत होतं.

त्या दिवशी दुपारी धम्मदीप पहिली शिफ्ट करून येत होता. बाकड्यावर आप्पा, बबनराव आणि सोपानराव प्रचाराचं बोलत बसले होते. मी आत होतो. स्टोव्हमध्ये कचरा अडकला होता आणि मी पिन मारत होतो. बाहेर काय झालं ते मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं. आधी टायर घासल्याचा आवाज, मग पत्रा फुटल्यासारखा, आणि मग दुधाच्या किटल्या रस्त्यावरून गडगडत गेल्याचा. बाहेर आलो तर दुधाचा ओघळ खडीतून वाहत होता आणि धम्मदीप मैलाच्या दगडाशी पडला होता. मागं बांधलेल्या हेल्मेटला साधा चरासुद्धा नव्हता.

निमोण्याकडचा एक दूधवाला रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून समोरून आलेल्या मेव्हण्याशी बोलत होता. त्याला काही लागलं नाही. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "ह्यो हात वर करून बाकड्याकडं बघत आला. लांबून बघत आला. मी हॉर्न दिला. ह्यानं खालीच घेतला न्हाई हात." उजवा हात वर असल्यावर पुढचा ब्रेक कुठून लागणार. पायाचा लावला आणि मागचं चाक खडीवर गेलं.

जीपमध्ये घालून त्याला शिरूरला नेलं, तिथून पुण्याला. जीपवाल्यानं बाकीचे पॅसेंजर उतरवले, तेवढा शहाणपणा त्या दिवशी रस्त्यानं दाखवला. मी मागं बसून त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. डाव्या कानातून रक्त येत होतं. शिरूर येईपर्यंत मी शिवी दिली नाही असा एकही माणूस शिल्लक राहिला नव्हता.

इकडं गावात मात्र वेगळंच सुरू झालं. पोरगा पडला याचं वाईट सगळ्यांना वाटलं, नाही असं नाही. बायांनी नवस बोलून घेतले, बबनराव दोन दिवस जेवले नाहीत. पण त्याच वाईट वाटण्यातून एक अभिमान वर आला. पोरगा पडला, पण हात करता करता पडला. आप्पांना हात करत होता. मान राखताना पडला. हे वाक्य फाट्यावरून मळ्यांत गेलं आणि मळ्यांतून परत आलं तेव्हा आणखी मोठं झालं होतं. पडतानासुद्धा हात खाली घेतला नाही, म्हणे. काय संस्कार, म्हणे.

आप्पांनी प्रत्येक सभेत ते सांगितलं. ते चांगलं बोलायचे आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. "माझ्याकडं बघून हात केला पोरानं," ते म्हणायचे, "आन् तसाच गेला खाली. ह्या डोळ्यांनी बघितलं. आता ह्या पोराच्या आईला पाडायचं का, ते तुमी ठरवा." लोक डोळे पुसायचे. धुरपदाच्या घरचेसुद्धा हळहळले. त्यानंतर निवडणुकीत काही राहिलं नव्हतं.

ताईबाई प्रचाराला नव्हतीच. ती पुण्यात दवाखान्यात पोराजवळ बसली होती. मतदानाच्या दिवशी एसटीनं आली, मत देऊन परत गेली. निकाल लागला तेव्हाही तिकडंच होती. मिरवणूक तिच्याशिवाय निघाली. पुढं जीपच्या टपावर आप्पा, गळ्यात हार, आणि मागं गावातल्या सगळ्या मोटरसायकली, एकेकीवर तिघंतिघं, हातात झेंडे, डोळ्यांत गुलाल. हॉर्नवरचं बोट कोणी काढायला तयार नव्हतं. माझ्या हॉटेलासमोर दोन गाड्या एकमेकींत घुसल्या. चौघं पडले, चौघं उठले आणि परत त्याच गाड्यांवर बसले. खडी अजून तिथंच होती.

धम्मदीप वाचला. पण डावा कान गेला तो गेलाच. उभं राहिलं की तोल जायचा, पटकन वळलं की भिंत धरायला लागायची. डॉक्टरांनी सांगितलं की दोन चाकांवर आता बसायचं नाही. कंपनीनं त्याला मशीनवर परत घेतलं नाही, ज्याला चक्कर येते त्याला कोण घेणार. स्टोअरमध्ये बसवलं, तेही कंत्राटावर. गाडी विकली. आता तो जीपनं जातो, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला कधीच बसत नाही आणि तिथंच जागा असली तर ती जीप सोडून देतो. दौंडकडच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. त्या लोकांनी निरोप धाडला की सध्या थांबू. सध्या म्हणजे काय, हे दोन्ही घरांना समजलं.

नव्या सरपंचाची पहिली ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सतरंज्या टाकल्या होत्या, पुढं टेबल, टेबलामागं ताईबाई आणि शेजारी ग्रामसेवक. समोर पहिल्या रांगेत आप्पा, बबनराव, सोपानराव. मी चहा घेऊन गेलो होतो, म्हणून मागं खांबाला टेकून उभा होतो. कोंडिबा आणि धम्मदीप एका कडेला बसले होते. धम्मदीप उजवा कान टेबलाकडं करून बसला होता. वस्तीतल्या नळाचा विषय आधी झाला, आप्पांनी स्वतः अनुमोदन दिलं आणि टाळ्या झाल्या. आप्पा दिलेल्या शब्दाला जागले, हे नाकारता येणार नाही. मग ग्रामसेवकानं नेहमीच्या सुरात विचारलं की अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे काही विषय आहेत का.

ताईबाई उभी राहिली. "येक हाय," ती म्हणाली. "गाडीवर बसलेल्या मानसानं कुनाला हात करायचा न्हाई. आन् न्हाई केला म्हनून कुनी राग धरायचा न्हाई. एवढं लिवा."

लोकांना वाटलं ती गंमत करते आहे. दोघं-तिघं हसले आणि तिच्याकडं बघून थांबले. ग्रामसेवक सभ्य माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की पंचायतीच्या अधिकारात पाणी येतं, दिवाबत्ती येते, गटारी येतात, हात करणं कशातच येत नाही. मागून कोणीतरी म्हणालं दिवाबत्तीत घाला. ताईबाई म्हणाली, कशातही घाला, पण लिहा.

सोपानराव म्हणाले की मग गावात आणि शहरात फरक काय राहिला. एकानं विचारलं, जावई आला तरी हात करायचा नाही का. थांबून करावा, ताईबाई म्हणाली. जावयासाठी गाडी कशाला थांबवायची, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सगळे आप्पांकडं बघायला लागले, कारण कुठलाही विषय शेवटी तिथंच जातो. आप्पा बसूनच बोलले. आवाज चढवला नाही.

"ताईबाई, तुझं दुख मला समजतंय. पर मानसानं मानसाला वळख दावायची न्हाई, असा ठराव कुठं असतो व्हय? आन् तुझ्या पोरानं मला हात केला, म्हनून तर आज तू त्या खुर्चीत हायेस. त्याचा हात असा वाया घालवू नगं."

ताईबाईनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"काढ म्हनून मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "तुमी मला सांगितलं, मी त्याला सांगितलं. तुमच्यापरीस माझा दोष जास्ती हाय, मी आई हाय त्याची. ते मी मरस्तवर इसरनार न्हाई. पर आप्पा, येक इचारते. तुमी समद्या सभांत सांगितलं, माझ्याकडं बघून हात केला म्हनून. तुमी बघितला का त्याचा हात?"

"बघितला म्हंजी," आप्पा म्हणाले आणि थांबले. "समोरच तर झालं समदं."

"त्ये न्हाई इचारत. दूधवाला म्हनतो, लई लांबून हात वर व्हता. खालीच घेतला न्हाई. का घेतला न्हाई?"

आप्पांच्या शेजारी बबनराव बसले होते. आता त्यांचं वय झालं आहे, कुठं काय बोलायचं आणि कुठं नाही, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. त्यांना वाटलं प्रश्न सगळ्यांना विचारला आहे आणि उत्तर आपल्याला येतं आहे.

"आप्पा तवा पाठमोरं व्हतं की," ते म्हणाले. "माझ्याकडं तोंड करून मळ्यातली मतं सांगत व्हतं. पोरगं हात वर करून आप्पा कवा वळत्यात म्हनून बघत आलं. म्या म्हनलं आता आप्पांना सांगावं, तवर वाजलंच."

ग्रामसेवक पेनाचं टोपण लावत होता, ते त्यानं तसंच अर्धवट धरलं. आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. त्यांना खोटं बोलता आलं असतं आणि बबनरावांचं वय बघता ते चाललंही असतं.

"व्हय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "पाठमोरा व्हतो मी."

ते इतकं हळू म्हणाले, की कडेला बसलेल्या धम्मदीपपर्यंत पोचलं नाही. त्यानं लोकांच्या तोंडांकडं बघितलं, मग बापाकडं वळला आणि विचारलं, "काय म्हनले आप्पा?"

कोंडिबा आयुष्यभर हळू बोललेला माणूस. पण पोराशी आता मोठ्यानं बोलावं लागतं, त्याची त्याला सवय झाली होती. तो त्याच्या उजव्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आप्पा पाठमोरं व्हतं. त्यांनी तुझा हात बघितलाच न्हाई."

ते सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. धम्मदीपनं जरा विचार केला.

"बरं," तो म्हणाला.